दार आतून लावून घ्या

‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीच्या फोनवर एक सूचना हमखास मिळते: दार आतून लावून घ्या, घरात कोणाला काही सांगू नका. त्याआधी कोणीतरी कळवलेलं असतं की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग ‘मुंबई क्राइम ब्रांच’चा व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर खाकी वर्दी, मागे भिंतीवर राजमुद्रा. तुमचा आधार क्रमांक समोरचाच वाचून दाखवतो. शिकलीसवरलेली, व्यवहारात मुरलेली माणसं इथे गारठतात कशी?

याचं उत्तर मला १९६१च्या एका प्रयोगात सापडलं आणि मी थक्क झालो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम साध्यासुध्या माणसांना बोलावून घेत असे. करडा कोट घातलेला एक अधिकारी त्यांना सांगे, पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्या, दर वेळी आधीपेक्षा मोठा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसे. ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले.

खरी गंमत पुढे आहे. मिलग्रमने कोटवाल्याला खोलीबाहेर काढलं आणि हुकूम फोनवरून द्यायला लावले. शेवटपर्यंत जाणारे एकदम घटले, पाचात जेमतेम एक उरला. काहींनी तर ‘हो, वाढवतोय’ असं फोनवर सांगत छोटेच झटके दिले. मग त्याने शेजारी आणखी दोघांना बसवलं, जे मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उठतात. आता ४० पैकी चौघेच टोकाला गेले!

म्हणजे नुसत्या आवाजाचा धाक पातळ असतो, म्हणून भामट्यांना वर्दी आणि कॅमेरा लागतो. आणि शेजारी नाही म्हणणारं माणूस असलं की धाक कोसळतो, म्हणून ते दार लावायला सांगतात. या लोकांनी मिलग्रम वाचला असेल असं मला वाटत नाही. कोणत्या वाक्याला माणूस फोन आपटतो आणि कोणत्या वाक्याला थरथरतो, हे ते रोज फोन करकरून शिकले असणार.

लुधियानाचे ८२ वर्षांचे उद्योगपती, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्यावर २०२४ मध्ये स्काइपवरून अहोरात्र पाळत ठेवली गेली. त्यांच्यापुढे चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली. न्यायाधीशांचा चेहरा दिसत नव्हता, पण हातोडा आपटल्याचा आवाज येत होता. तो हातोडा आपल्याकडे हिंदी सिनेमातल्या कोर्टातच वाजतो. त्यांचे ७ कोटी रुपये गेले.

आपला कायदा मात्र नेमका उलट्या बाजूला उभा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं की अटक करताना पोलिसाने माणसाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावला पाहिजे किंवा त्याला अडवून धरलं पाहिजे. तो आपणहून स्वाधीन झाला तरच याची गरज नाही. कलम ३६ प्रमाणे पोलिसाचं नाव स्पष्ट दिसायला हवं आणि अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही हवी. जी गोष्ट भामटा सर्वांत आधी दाराबाहेर घालवतो, तीच कायदा आत बोलावतो! व्हिडिओ कॉलवरची अटक कायद्यात कुठेच नाही.

तेव्हा फोन ठेवून द्यायचा. शंका राहिलीच तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारायचं, भामट्यांनी दिलेल्या नंबरावर नाही. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, कारण रक्कम मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते आणि जिथे सापडेल तिथे बँक ती गोठवू शकते. ओसवाल यांचे सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले.

आणि तुम्ही दाराच्या बाहेर असाल तर? आई सकाळपासून खोलीत आहे, कडी आतून, चहा बाहेर निवलाय, आतून दबकं बोलणं ऐकू येतंय. दार वाजवा. पडद्यावरचा माणूस तिला लगेच दटावेल, ‘कोण आहे? उत्तर देऊ नका.’ तुम्ही आणखी जोरात वाजवा.