पंचवीस फूट आणि एक स्टॉपवॉच

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत फरशीवर दोन निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. त्यांच्यातलं अंतर बरोबर २५ फूट. पेशंटने एका पट्टीपासून दुसरीपर्यंत सांभाळून, पण जमेल तितक्या भरभर चालायचं आणि मी स्टॉपवॉच धरायचं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्या माणसाची चाल मोजायची ही जगभर चालणारी साधी रीत. धडधाकट माणसाला चार-पाच सेकंद लागतात. माझ्या काही पेशंटना वीस लागतात.

मी मूळची साताऱ्याची. कॅनडात सस्कॅचवन प्रांतातल्या सस्काटूनमध्ये गेली वीसएक वर्षं हेच काम करते. एमएसचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांमध्ये कॅनडा मोडतो. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठते. वायरीवर रबराचं वेष्टण असतं तसं तंतूंवर मायेलिनचं असतं, ते कुरतडलं जातं. मग कुणाची नजर धूसर होते, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला दुपारीच इतका थकवा येतो की चमचा उचलवत नाही. बहुतेकांचा आजार सुरुवातीला चढउतारांचा असतो: एक झटका येतो, काही आठवड्यांनी बराचसा ओसरतो, पुढचा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. हा चढउतार लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

२१ नोव्हेंबर २००९, शनिवार. सीटीव्ही वाहिनीच्या ‘डब्ल्यू-फाइव्ह’ या कार्यक्रमात इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे रक्तवाहिन्यांचे सर्जन पाओलो झाम्बोनी दिसले. त्यांच्या पत्नीला एमएस होता आणि त्या ओढीने त्यांनी शोध घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की एमएसच्या मुळाशी मानेतल्या आणि छातीतल्या नसा आहेत. त्या अरुंद झाल्या की मेंदूतलं रक्त नीट परत येत नाही, लोह साठतं आणि आजार होतो. उपाय म्हणजे नसेत बारीक फुगा घालून ती रुंद करायची. या उपचाराला त्यांनी नाव दिलं होतं ‘लिबरेशन’. मुक्ती.

सोमवारी सकाळी पहिल्याच पेशंटच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी ही माणसं रोज पाहत होते, त्यामुळे त्यांचे उजळलेले चेहरे पाहून मलाही भरून आलं. ‘हे खरं असू दे,’ असं मी मनापासून म्हटलं होतं.

त्यांच्यात एक बाई होत्या, शाळेची बस चालवणाऱ्या. कॅनडात हा उपचार मिळेना, तेव्हा लोक पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका, अगदी आपल्या भारतातही जाऊ लागले होते. बाईंच्या छोट्या गावाने कम्युनिटी हॉलमध्ये जेवण ठेवून पैसे जमवले, उरलेल्यासाठी त्यांनी घरावर कर्ज काढलं. जाण्याआधी त्यांना २५ फुटांना १४ सेकंद लागत होते. परत आल्यावर ९ लागले. हात उबदार वाटतात, डोक्यातलं धुकं गेलं, असं त्या सांगत होत्या. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. माझ्याच हातातल्या स्टॉपवॉचने दाखवलेला आकडा होता तो. अजून काय पुरावा हवा?

सात-आठ महिन्यांनी तोच आकडा १५ वर आला.

त्या दिवसापासून मी या गोष्टीकडे नीट बघायला लागले. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, घड्याळही चुकलं नव्हतं. चूक त्या ९ सेकंदांचा अर्थ लावण्यात होती. माणूस दूरदेशी उपचाराला निघतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, झटका नुकताच येऊन गेलेला असताना. त्यानंतर आजार बऱ्याचदा आपल्या चालीनेच ओसरतो. त्यात सहा हजार मैलांचा प्रवास, अख्ख्या गावाने दिलेले पैसे, डॉक्टरने धीराने धरलेला हात. माणूस जीव तोडून चालतो आणि खरंच भरभर चालतो. फुगा नसेत गेला नसता तरी हे झालं असतं का, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. झाम्बोनींकडेही तेव्हा नव्हतं: २००९मध्ये त्यांनी उपचार केलेल्या ६५ पेशंटचे निकाल छापले, पण उपचार न केलेला तुलनेचा गट त्यांत नव्हता.

त्याच सुमाराला साताऱ्याहून आईने भाच्याची पत्रिका पाठवली होती आणि वडिलांनी, तिला न सांगता, त्याच पाकिटात एक कात्रण घातलं होतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, सरमिसळ केल्या आणि भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या. कोणती कुठल्या मुलाची, एवढंच सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणं उडवूनही ५० टक्क्यांच्या आसपास येतात. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे, त्यामुळे नाव लहानपणापासून कानावर होतं, पण त्या चाचणीची ताकद मला सस्काटूनच्या थंडीत कळली. तिथे ज्योतिषांना कुणी खोटं ठरवलं नव्हतं. पत्रिका बघणाऱ्याला मूल माहीत नाही, एवढीच व्यवस्था केली होती. मला नेमकं तेच करता आलं नव्हतं: उपचार झालेला माणूस माझ्यासमोर उभा होता आणि उपचार झाला आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

बाहेर मात्र शंका विचारणं म्हणजे निर्दयपणा ठरत होता. न्यूरॉलॉजिस्ट औषध कंपन्यांचे मिंधे आहेत, असं लोक उघड बोलत. २०१०मध्ये आमच्या प्रांताच्या सरकारने चाचण्यांसाठी ५० लाख डॉलर जाहीर केले. कॅनडाच्या केंद्र सरकारने आधी थांबायचं ठरवलं, पण जून २०११मध्ये तेही चाचणीला पैसे द्यायला तयार झालं. दरम्यान परदेशी उपचार घेतलेल्या काहींच्या नसांत गुठळ्या झाल्या. ऑन्टारिओतला एक माणूस २०१०मध्ये त्यातून दगावला. मला त्या डॉक्टरांची कळकळ आठवते, जे पेशंटला ‘जाऊ नका’ म्हणत होते आणि त्याबद्दल शिव्या खात होते. काळजी त्यांनाही तितकीच होती.

मग हळूहळू उत्तरं आली. २०१३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. एमएस असलेले, त्यांची भावंडं आणि त्यांच्याशी नातं नसलेले निरोगी लोक, असे तीन गट घेऊन त्यांच्या नसांत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून तपासणी केली. नस ५० टक्क्यांहून जास्त अरुंद असण्याचं प्रमाण एमएसवाल्यांत ७४ टक्के, भावंडांत ६६ टक्के आणि निरोगी लोकांत ७० टक्के. म्हणजे मानेतली नस अशी असणं ही माणसाची नेहमीचीच ठेवण आहे.

तरी प्रश्न उरतोच: कारण चुकीचं असलं तरी उपाय लागू पडत असेल तर? त्यासाठी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. अँथनी ट्रॅबूल्सी यांच्या नेतृत्वाखाली व्हँकुव्हर, विनिपेग, माँट्रियल आणि क्वेबेक सिटी इथे १०४ पेशंटवर चाचणी झाली. सगळ्यांच्या नसेत कॅथेटर घातला, पण फुगा फक्त ४९ जणांच्या नसेत फुगवला, ५५ जणांच्या नाही. आपल्याला काय झालं हे पेशंटला ठाऊक नाही, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ४८ आठवड्यांनंतर गटांची अदलाबदल. मार्च २०१७मध्ये निकाल सांगितले गेले: एमआरआयमध्ये फरक नाही, डॉक्टरांच्या तपासणीत नाही, पेशंटच्या स्वतःच्या सांगण्यातही नाही. दोन्ही गटांना वर्षाअखेर थोडं बरं वाटत होतं, ज्यांच्या नसेत फुगा फुगलाच नव्हता त्यांनाही. त्याच वर्षी खुद्द झाम्बोनींनी इटलीत केलेल्या अशाच चाचणीचा निकाल छापून आला आणि हा उपचार एमएसच्या रुग्णांना सुचवू नये, असं त्यातच लिहिलं होतं. स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा निकाल स्वतःच्या नावाने छापणं सोपं नसतं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण माझ्या मनात घर करून आहेत ते १०४ जण. आपल्याला कदाचित काहीच मिळणार नाही, हे माहीत असून त्यांनी वर्षभर न जाणता राहायचं कबूल केलं. त्यांतला एक शेतकरी माझ्याकडे व्यायामाला येत असे. विनिपेगपर्यंत आठ तास गाडीने जायचा, पत्नी गाडी चालवायची. त्याला विचारलं होतं मी, कशासाठी एवढं? तो म्हणाला होता, “माझ्या मुलीला हा आजार झाला तर तिने घर गहाण टाकायचं की नाही, ते तिला कळायला हवं.”

कुणाला काय मिळालं होतं हे शेवटी सगळ्या पेशंटना सांगितलं गेलं, त्यानंतर तो आला. बाहेर उणे तीस होतं, बुटांना बर्फ चिकटलेला. मी उत्सुकतेने विचारलं, “मग? पहिल्या वेळी फुगा होता का?” त्याने कोट काढला, काठी भिंतीला टेकवली आणि निळ्या पट्टीवर जाऊन उभा राहिला.

“आधी वेळ लाव,” तो म्हणाला, “मग सांगतो.”