समुद्रावरील विषाचा बंदोबस्त

न्हावा-शेवा बंदरातून माल भरून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात शिरणारे ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशीच एकमेकांवर आदळली, आणि पुढे कलंडत गेलेल्या ‘चित्रा’वरील बाराशेंहून अधिक कंटेनरांपैकी सुमारे तीनशे पाण्यात पडून भरती-ओहोटीबरोबर असे हिंडू लागले, की जहाजांची वाट काही दिवस बंदच ठेवावी लागली. लोकांच्या स्मरणात राहिले ते उरण-अलिबागच्या किनाऱ्यांना लागलेले काळे तेल. त्या जहाजावरील एकतीस कंटेनरांत कीटकनाशकांसारखी घातक रसायने होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. तेल डोळ्यांना दिसते, नाकाला जाणवते, हाताला चिकटते. रसायनाला असले कोणतेच सौजन्य नसते.

अशा प्रसंगी धावून जाणारी संस्था म्हणजे तटरक्षक दल. १९७७ साली ते अस्तित्वात आले, पुढल्या वर्षीच्या कायद्याने त्याला अधिष्ठान मिळाले, १९८६ साली सागरी तेलप्रदूषणाच्या निवारणाचा अंमल त्याच्याकडे आला, आणि तेलगळतीविषयीचा राष्ट्रीय आपत्कालीन आराखडा १९९६ पासून लागू झाला. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे त्याची प्रदूषण-प्रतिसाद केंद्रे आहेत. बंदराच्या हद्दीत बंदराचा कारभार, किनाऱ्यावर राज्य सरकारचा, आणि खुल्या समुद्रात दलाचा, अशी कामाची वाटणी ठरलेली आहे. दप्तरात ही वाटणी निर्दोष दिसते. ‘चित्रा’चा ऐवज मात्र तिन्ही हद्दींत खुशाल फिरला. प्रदूषण-नियंत्रणासाठीच सुरतच्या गोदीत बांधलेले ‘समुद्र प्रहरी’ हे चौऱ्याण्णव मीटर लांबीचे जहाज मुंबईत दलात दाखल झाले ते ९ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे त्या टकरीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी. सरकारी मुहूर्तांचा हा स्वभाव वाचकांस नवा नाही.

तेलाच्या बंदोबस्ताची रीत आता बरीचशी रूढ आहे: तरंगत्या बांधांनी त्याला कोंडावे, यंत्राने पृष्ठभागावरून ओढून घ्यावे, हेलिकॉप्टरमधून विघटक द्रव्य फवारावे. रसायनाची जात कळल्याखेरीज मात्र एक पाऊलही टाकता येत नाही. या शास्त्राचे जाणकार पाण्यात पडलेल्या द्रव्याचा आधी स्वभाव विचारतात: ते वायू होऊन उडणारे आहे, तरंगणारे आहे, विरघळणारे आहे, की बुडणारे? उडणाऱ्याशी गाठ असेल तर नौकेने वाऱ्याच्या वरच्या अंगानेच जवळ यावयाचे आणि हवा मोजणारी उपकरणे पुढे धरावयाची. विरघळणारे द्रव्य एकदा पाण्यात मिसळले, की त्याला गोळा करण्याची विद्या जवळजवळ नाहीच. अशा वेळी पाण्याचे नमुने घेणे, मासेमारी थोपवणे आणि समुद्राला ते पातळ करू देणे एवढेच हाती उरते. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरले जाणारे ॲल्युमिनियम फॉस्फाइड पाण्याच्या नुसत्या स्पर्शाने फॉस्फिन हा प्राणघातक वायू सोडते. म्हणजे आग विझवणाऱ्याचा जो पहिला आधार, तोच येथे वैरी ठरतो. संयम हेही या खात्याचे एक हत्यार आहे, आणि ते चालवणे होसपाइप चालवण्याहून कठीण आहे, असे माझे मत आहे.

म्हणून या साऱ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक कागद: जहाजावरील मालाची यादी. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ पेटलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’च्या मदतीला ‘समुद्र प्रहरी’ गेले, तेव्हा त्या जहाजावर पंचवीस टन नायट्रिक आम्ल होते. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे बुडालेल्या ‘एमएससी एल्सा-३’वरील ६४० कंटेनरांपैकी बारांत कॅल्शियम कार्बाइड होते, ज्यातून पाण्याशी संयोग होताच ज्वलनशील ॲसिटिलीन निघतो; म्हणूनच किनाऱ्याला लागलेल्या पेट्यांपासून दोनशे मीटर दूर राहा, अशी ताकीद तेथील सरकारने लोकांना दिली. उलट, यादी हरवली किंवा मालाला धनीच उरला नाही, तर काय होते हे मुंबईने ‘चित्रा’च्या आधी सुमारे साडेतीन आठवडे पाहिले होते. १४ जुलै २०१० च्या पहाटे शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरांतून गळती झाली आणि कितीतरी माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असलेला तो वायू जमिनीलगत पसरतो. अशा वेळी खाली बसणारा माणूस फसतो, आणि उंचावर, वाऱ्याच्या आडवा जाणारा वाचतो.

वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडली की लागणारे मढ हे या कथेत वरकरणी कुठेच नाही. तथापि पोर्तुगीजांनी बांधलेल्या येथल्या किल्ल्यावरून दिसणारा हा समुद्र मुंबईकडे ये-जा करणाऱ्या जहाजांच्या शेजारचा आहे, आणि येथल्या कोळ्यांचे डोल जाळे प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात खुंटाला बांधून ठेवलेले असते. पाणी जे आणील, ते हे जाळे घेते. त्यात बोंबील येतो, कोलंबी येते, तसेच एखादे भरकटलेले पिंपही येऊ शकते. तटरक्षक दलाची नौका पोहोचण्यापूर्वी त्या पिंपाशी गाठ पडणार ती तांडेलाची आणि त्याच्या खलाशांची, आणि आराखड्याच्या पानांत त्यांची जागा मला फारच अपुरी वाटते.

अपघात होताच घातक मालाची यादी, तिच्यातील प्रत्येक द्रव्याशी कसे वागावे या सूचनेसह, मराठीतून मच्छीमार सहकारी संस्थांकडे त्याच दिवशी पोहोचावी, अशी तजवीज सरकारने करावी. अनोळखी पिंप जाळ्यात आले तर ते नौकेवर ओढू नये, उघडू नये, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहून जागा टिपून घ्यावी आणि तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे, हे आजही प्रत्येक नौकेवर लिहून ठेवता येईल. मात्र अशा वेळी जाळे कापून सोडावे लागते, आणि जाळे म्हणजे घराची मिळकत. त्या जाळ्याची भरपाई जहाजाच्या मालकाकडून वसूल करून देण्याचा हुकूम जोवर निघत नाही, तोवर कोणताही कोळी ते कापणार नाही.