‘टर्निंग पॉइंट’ : वाक्यातील स्थान आणि अर्थनिर्णय

एखाद्या घटनेमुळे चालू गोष्टीची दिशा निर्णायकपणे पालटली, असे सांगावयाचे असता इंग्रजी लेखक ‘टर्निंग पॉइंट’ या शब्दबंधाचा आश्रय घेतो. मराठी गद्यातही हा शब्दबंध आता चांगलाच रुळला असून क्रिकेटच्या वृत्तांतापासून इतिहासविषयक प्रबंधापर्यंत तो आढळतो. तथापि इंग्रजीत त्याच्याभोवती उपपदे, शब्दयोगी अव्यये आणि क्रियापदे यांची जी व्यवस्था उभी असते, ती मराठीत येताना गळून पडते. आणि तिच्याबरोबर अर्थाचाही काही अंश गळतो. प्रबंधलेखनाच्या दृष्टीने ही हानी क्षुल्लक नाही.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात नेहमी भेटणारे वाक्य घेऊ : ‘सॅराटोगा वॉज द टर्निंग पॉइंट ऑफ द वॉर.’ १७ ऑक्टोबर १७७७ रोजी ब्रिटिश सेनापती बर्गॉइन याने सॅराटोगा येथे शरणागती पत्करली. त्यामुळे युद्ध संपले नाही. ते १७८३ च्या तहापर्यंत चालू राहिले. परंतु या विजयानंतर, ६ फेब्रुवारी १७७८ रोजी, फ्रान्सने अमेरिकनांशी मैत्रीचा करार केला आणि बंडखोर वसाहतींच्या लढ्याला एका मोठ्या सत्तेचे पाठबळ लाभले. म्हणजे या शब्दबंधाला शेवट अभिप्रेत नसतो. आधीची एक दिशा, नंतरची दुसरी दिशा आणि दोहोंना सांधणारा क्षण, अशा तीन गोष्टी गृहीत धरूनच तो वापरला जातो. यांपैकी एखादी दाखविता येत नसेल, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही पोकळ राहते.

वरील वाक्यातील ‘द’ हे उपपद काढून तेथे ‘अ’ घातले की विधानाचे वजन एकदम उतरते. ‘द टर्निंग पॉइंट’ म्हणणारा लेखक सबंध युद्धातील एकमेव निर्णायक क्षण आपण दाखवीत आहोत, असा दावा करतो. ‘अ’ म्हणणारा अशा अनेक क्षणांपैकी एक दाखवितो. मराठीला उपपदे नाहीत. ‘सॅराटोगाची लढाई टर्निंग पॉइंट ठरली’ या वाक्यातून दावा एकमेवत्वाचा आहे की नाही, हे कळत नाही. ‘हाच’ मधील ‘च’ किंवा ‘एक’ हा शब्द योजून ते स्पष्ट करता येते. पण बहुतेक लेखक तो खटाटोप करीत नाहीत, आणि वाचक आपल्या कलाने मोठा किंवा छोटा अर्थ घेतो.

क्रियापदांचीही अशीच गोष्ट आहे. इंग्रजीत घटना ‘टर्निंग पॉइंट’ असते किंवा ‘प्रूव्ह’ होते. तारीख वा प्रसंग तो ‘मार्क’ करतो, म्हणजे केवळ दर्शवितो; कारण वेगळे असू शकते. चालती गोष्ट मात्र त्याला ‘रीच’ करते, तेथवर पोहोचते. मराठीत या साऱ्यांचे काम बहुधा एकटे ‘ठरणे’ करते. ‘ठरणे’ हे मोठे गुणी क्रियापद आहे : त्यात मागाहून केलेला निवाडा सूचित होतो. परंतु निवाडा कोणी व कशावरून केला, हे ते सांगत नाही. रूपाच्या बाबतीत मराठीने या परकीय शब्दाला आपल्या नियमात बसविले आहे. ‘ही भेट टर्निंग पॉइंट ठरली’ येथे क्रियापद ‘भेट’ या शब्दाच्या लिंगानुसार चालते. ‘ही भेट हा टर्निंग पॉइंट होता’ येथे मात्र ‘हा’ मध्ये आला की पुल्लिंगी ‘पॉइंट’ची सत्ता सुरू होते.

मराठीतील जुना पर्याय ‘कलाटणी’ हा होय. त्याची रचना निराळी आहे. कलाटणी मिळते किंवा दिली जाते, आणि ती कशाला तरी मिळते. ज्याची दिशा पालटली, ती गोष्ट येथे ‘-ला’ प्रत्ययासह यावीच लागते. ‘पानिपत हा मराठ्यांच्या इतिहासातील टर्निंग पॉइंट’ असे लिहून लेखकाला स्वस्थ बसता येते. ‘पानिपतने ... ला कलाटणी दिली’ असे लिहू गेल्यास रिकामी जागा भरावी लागते, आणि खरा वाद तेथेच सुरू होतो. मराठी सत्तेला म्हणावे, तर जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम मराठ्यांच्या साह्यानेच दिल्लीस परतला, हे आड येते. गो. स. सरदेसाई यांनी, मनुष्यहानी भयंकर असली तरी या पराभवाने काहीच निर्णायक घडले नाही, असे मत मांडले. जदुनाथ सरकारांना ते मान्य नव्हते. पंजाबातील राजकारणाला म्हणावे, तर विधान बरेच भक्कम होते, कारण १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोहोचलेला मराठी अंमल तेथे पुन्हा बसला नाही. पेशवे आणि सरदार यांच्यातील सत्तेच्या तोलाला म्हणावे, तर तेही विचारार्ह आहे, पण त्यास वेगळा पुरावा लागेल. एकाच लढाईविषयीची ही तीन भिन्न विधाने ‘टर्निंग पॉइंट’ या नामाखाली एक होऊन बसतात.

‘वळण’ हा पर्याय सोपा वाटतो, पण जपून वापरावयास हवा. ‘त्याला वळण लागले’ म्हटले की मराठी माणसाला संस्कार आणि शिस्त आठवतात, दिशापालट नव्हे. ‘वळणबिंदू’ हा घडविलेला शब्द कोशाबाहेर फारसा फिरत नाही.

क्रिकेटच्या वृत्तांतात मात्र मूळ इंग्रजी शब्दबंधच बिनधोक चालतो. ‘तो सुटलेला झेल हाच सामन्याचा टर्निंग पॉइंट’ या वाक्यात काय वळले, हे विचारण्याचे कारण पडत नाही. सामना कोणाकडे झुकला होता आणि अखेर कोणी जिंकला, हे धावफलकच सांगतो.