केसपेपरवर काय लिहिलंय?

“बाईकवरून पडला, सिस्टर. तसंच लिहा.” जखमी मुलाबरोबर आलेला सुपरवायझर म्हणाला. मुलगा गप्प. बूट काढला तर पायावर रुंद चाकाचा पट्टा उमटलेला. मी तेव्हा कॅज्युअल्टीत रात्रपाळीला होते. सुपरवायझरने सांगितलं तेच मी लिहिलं. पुढे त्या मुलाची दोन बोटं कापावी लागली आणि भरपाई मिळाली नाही.

भिवंडीच्या मानकोली, काल्हेर, पूर्णा भागातल्या गोदामांत आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं कंत्राटावर राबतात. अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांची असते. तिची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळताना मागचा भाग झपकन बाहेर येतो. बाजूला उभ्या माणसाला वाटतं गाडी गेली, आणि तेवढ्यात पाय सापडतो.

रक्त आलं नाही म्हणून बाम चोळून घरी पाठवतात. हे फार वाईट. चेंगरलेला पाय आतून सुजतो, रक्तपुरवठा तुटतो. दुखणं वाढतच गेलं, बोटं हलवली तरी कळ आली, मुंग्या आल्या, पाय दगडासारखा कडक झाला तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी सहा तासही उशीर ठरतो. मालीश नको, घट्ट पट्टी नको. लघवी काळपट झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे.

आणि केसपेपरवर ‘कामावर असताना फोर्कलिफ्टने इजा’ असंच लिहून घ्या, एमएलसी करायला सांगा. ईएसआयमध्ये साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात ९१ दिवस. कामावरच्या इजेला बरं होईपर्यंत ९० टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतं. ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. माणूस कंत्राटी आहे म्हणून मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत.

हा विमा कुणाची मेहरबानी नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. अडारकरांकडे त्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं; १९४८ साली कायदा झाला.

ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनी केसपेपर, पगाराची स्लिप, ओळखपत्र घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावं. कागद चुकीचा लिहिला असेल तरी या. जयभीम.