विणकामाची सेवा

धर्मकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रार्थना, प्रवचन, फार तर एखादी शाळा किंवा दवाखाना उभा राहतो. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा हीदेखील सेवेची साधने होऊ शकतात, हे चटकन मनात येत नाही. परंतु ख्रिस्ती मंडळ्यांत स्त्रियांनी एकत्र बसून शिवावे, विणावे आणि तयार झालेले वस्त्र गरजूच्या हाती द्यावे, ही प्रथा जुनी आहे.

तिचे मूळ नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात सापडते. यापो नगरातील टबीथा ऊर्फ दुर्कस ही शिष्या मरण पावली, तेव्हा तिने शिवलेले कपडे दाखवीत विधवा रडत उभ्या राहिल्या, असे तेथे वर्णन आहे. टबीथेचे एकही वाक्य त्या ग्रंथात नोंदलेले नाही. तिच्याविषयी साक्ष दिली ती त्या वस्त्रांनी. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत गरिबांसाठी कपडे करणारी स्त्रियांची मंडळे निघाली, त्यांना तिचेच नाव मिळाले. अमेरिकेतील मेनोनाईट पंथाच्या स्त्रियांची शिवणमंडळेही याच जातीची. त्याच पंथाच्या मिशनने दुष्काळानंतर, 1899 साली, छत्तीसगडातील धमतरी येथे आपले कार्य आरंभिले.

या कामाचे नवे रूप म्हणजे ‘प्रार्थनेची शाल’. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे 1998 साली दोन स्त्रियांनी ही कल्पना प्रचारात आणली. आजारी, शोकग्रस्त किंवा एकाकी माणसासाठी त्याचे स्मरण करीत शाल विणावयाची आणि ती त्याला द्यावयाची, एवढेच तिचे स्वरूप. पुढे ती अनेक देशांतील मंडळ्यांत पसरली.

आता असे कोणी विचारील की, बाजारात स्वस्त शाल मिळत असता एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर ‘एकत्र’ या शब्दात आहे. सुलट आणि उलट हे दोनच टाके आले की सुयांवरचे विणकाम सुरू करता येते. क्रोशाला तर एकच सुई पुरते, आणि साखळी, मुका खांब व खांब एवढ्यावर बरेच काही साधते. शिवाय काम वाटून घेता येते. दहा जणींनी सारख्या मापाचे चौकोन विणावेत आणि एकीने ते जोडावेत, की पांघरूण तयार. त्यात नवशिकीचा चौकोन निष्णात हाताच्या चौकोनाशेजारी बसतो. हात गुंतलेले आणि नजर टाक्यांवर असली, की जी स्त्री समोरासमोर बसून मन मोकळे करणार नाही, तीही हळूहळू बोलू लागते. मध्येच शांतता पसरली, तरी ती अवघड वाटत नाही.

भिलाईसारख्या नगरात या गोष्टीचे मोल विशेष आहे. सोव्हिएत रशियाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पोलादाच्या कारखान्याभोवती मल्याळी, तेलुगू, ओडिया, बंगाली, मराठी अशा नाना भाषांची कुटुंबे येऊन वसली. येथे पत्ता वाड्याच्या नावाने नव्हे, तर सेक्टरच्या क्रमांकाने सांगतात. ज्यांना आजोळ-माहेर दूर, त्यांची पहिली ओळख पुष्कळदा आपल्या देवळात, गुरुद्वारात किंवा चर्चमध्ये झाली. भाषा अडली तरी टाका अडत नाही; तो डोळ्यांनी पाहून शिकता येतो. नोकरी संपलेल्या, मुले दूर गेलेल्या घरांतील वृद्धांनाही अशा बैठकीत केवळ वेळ घालविण्याचे नव्हे, तर कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे समाधान मिळू शकते.

मात्र सेवा करणाऱ्याने दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी की, विणणारीची हौस नव्हे, घेणाऱ्याची गरज मुख्य. छत्तीसगडात लोकरीची शाल पौष-माघापुरती. एरवी ती पेटीतच राहावयाची. त्यापेक्षा कमी वजनाच्या अर्भकासाठी मऊ टोपी अधिक उपयोगी. अशा बालकाच्या डोक्यातून शरीराची ऊब झपाट्याने जाते. म्हणून त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे आणि डोक्यावर टोपी घालावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर वापरावयाचे सुती, हलके कृत्रिम स्तनही आता अनेक ठिकाणी स्वयंसेविका विणून देतात. परंतु आधी रुग्णालयात विचारावे: माप काय हवे, सूत कोणते चालेल, धुणे कसे होईल? अर्भकाच्या वस्त्राला सुटे मणी, बटणे किंवा लांब दोऱ्या तर मुळीच नसाव्यात.

दुसरी गोष्ट आंध्रातील नरसापूर शिकविते. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गरीब ख्रिस्ती स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली, ती त्यांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून. पुढे तिचा परदेशी व्यापार वाढला. मारिया मीस या जर्मन विदुषीने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, घरात बसून तासन् तास राबणाऱ्या स्त्रियांचे काम ‘फावल्या वेळेचे’ समजले गेले, मजुरी अत्यल्प राहिली आणि नफा व्यापाऱ्यांच्या पदरी पडला. म्हणून दान आणि धंदा यांची सीमा स्वच्छ असावी. वस्तू देणगी असेल तर ती देणगीच राहू द्यावी. विकावयाची असेल, तर विणणारीच्या श्रमाचा पुरता मोबदला तिच्या हाती पडावा.

आणि देताना घेणाऱ्याचा धर्म विचारू नये. प्रसूतिगृहात निजलेल्या बालकाला ऊब हवी असते. ती कोणाच्या हातची, हे त्याची आई हवे तर पुढे कधी विचारील.