सिग्नलचे रंग आणि मानवी दृष्टी

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. आज डोंबिवलीवरून धावणाऱ्या लोकलचा मोटरमन तांबडा दिवा दिसताच थांबतो, हिरवा दिसताच पुढे जातो. पिवळा मात्र कधी एक असतो, कधी दोन. तेथे अर्थभेद रंगाने नव्हे, संख्येने कळतो.

काहींना, विशेषतः पुरुषांना, तांबड्या-हिरव्यातील फरक ओळखता येत नाही. हा दोष बहुधा जन्मजात असल्याने स्वतःलाही उमगत नाही. स्वीडनमधील १८७५ च्या लागरलुंडा रेल्वे अपघातानंतर होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडींनी कर्मचाऱ्यांची दृष्टी तपासली. पुढे ठिपक्यांचे इशिहारा तक्ते आले. शाळेत मात्र अशी तपासणी क्वचितच होते, आणि नकाशातील रंग चुकवणारा विद्यार्थी निष्काळजी ठरतो.