बानूच्या लग्नाआधीची कथा

छगन चौगुले 21 मे 2020 रोजी मुंबईत कोरोनाने गेले, तेव्हा बहुतेक बातम्यांनी त्यांची ओळख ‘खंडेरायाच्या लग्नाला’ या एकाच गाण्याने करून दिली. माळशिरस तालुक्यातल्या या लोकगायकाचं नाव पुष्कळांना ठाऊक नसतं, पण हे गाणं हळदीच्या मांडवात हमखास वाजतं. त्यामुळे ‘एका गाण्यापुरता गाजलेला गायक’ हा शिक्का त्यांच्यावर सहज बसतो. मला तो अन्यायाचा वाटतो. चौगुले मुळात कथा सांगणारे होते. कॅसेटनंतरच्या माध्यमांत कथेला जागा राहिली नाही, म्हणून लोकांच्या कानी गाणं तेवढं उरलं.

ते घडले खंडोबाच्या जागरण-गोंधळात. चौक भरून घट मांडला की वाघ्याची दिमडी आणि तुणतुणं रात्रभर थांबत नाही. पहाटे लंगर तुटला की विधी पुरा होतो. त्या रात्रीत खंडोबा आणि बानूचं लग्न असं झटकन लागत नाही. पहिली बायको म्हाळसा हिच्याशी सारीपाटाचा डाव हरून देव घर सोडतो, चंदनपुरीला धनगराघरी चाकरीला राहतो, मेंढरं राखतो, मेलेली मेंढरं पुन्हा उठवतो, तेव्हा कुठे बानू त्याच्या पदरात पडते. मग सवतीमत्सर आहेच. शिखर शिंगणापूरच्या पायथ्याच्या माळशिरसच्या दुष्काळी पट्ट्यात कळपामागे हिंडणाऱ्या माणसाला ही कथा आपली वाटते, कारण तिच्यातला देव त्याच्यासारखाच राबतो. लग्न हा त्या राबण्याचा शेवट आहे. आधीचं सगळं गाळलं की उरतं ते वरातीचं गाणं.

कोणी म्हणेल, बाजारात उतरल्यावर बाजाराचा न्याय मान्य करावा. पण कॅसेटच्या बाजाराने चौगुल्यांची कथाही विकलीच होती. ‘कथा चांगुणाची’, ‘कथा श्रावण बाळाची’, ‘कथा देवतारी बाळूमामा’ ही त्यांची नावाजलेली कामं. साठ मिनिटांच्या कॅसेटला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बाजू असत. पोटचं पोर कांडून अतिथीला वाढणाऱ्या चांगुणेचं दुःख उलगडायला तेवढा अवकाश पुरत होता. डीजे आणि मोबाइलला मात्र चार मिनिटंच हवी असतात. दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो वजनदार आहे: घट नाही, यजमान नाही, लंगर नाही, मग कॅसेटवरचं जागरण कसलं? विधी म्हणून ते जागरण नव्हेच, हे मी मान्य करतो. तरी कथा विधीबाहेरही जगते. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी खंडोबाची परंपरा ग्रंथांत आणली. चौगुल्यांनी तिच्यातली कथा वाचता न येणाऱ्यांच्या घरात नेली. हे काम मला कमी मोलाचं वाटत नाही.

या कामाचा मोबदला मात्र गायकापर्यंत पोहोचायला हवा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीने कलाकाराला ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण जागरणातल्या गायकाला त्याचा पाठपुरावा कोण करून देणार? प्रश्न जपणुकीचाही आहे. माळशिरस तालुक्यातल्या अकलूजने 1993 मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेतून लावणीला मानाचं व्यासपीठ दिलं. त्याच तालुक्याला जागरणाच्या कथांचा संग्रह उभारणं अवघड नाही. ज्यांच्या माळ्यावर चौगुल्यांच्या कॅसेट पडून असतील, त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. वेष्टनासकट, दोन्ही बाजू पूर्ण उतरवून ठेवाव्यात, आणि लग्नाचं गाणं येण्याआधीची कथा मुलांना ऐकवावी.